पत्रा गार हाय

माझं नाव गौतम, गाव कशेळ्याच्या अलीकडं, रस्त्याला लागूनच आमचा बुद्धवाडा. बाप भातात राबला, चुलता रेल्वेत लागला, मी कुठंच लागलो नाय, मंग आईनं मला चौक गावाला मामाकडं धाडला, मामाचं हायवेला गॅरेज होतं, ढाब्याच्या पाठी. तिथं पान्हे पुसता पुसता शिकलो. मामा कुठलीही गाडी आली का आधी बोनेटवर उपडा हात ठेवायचा, पोराचं कपाळ बघतात ना तसा, मंग बोलायचा, हिला ताप हाय, हिला नुसतीच नाटकं. लय शिव्या द्यायचा, पण हात बरोबर सांगायचा त्याचा. मी तेच उचललं.

मंग माझी स्वताची जीप झाली, जुनीच, पण चारी चाकांना जोर लागणारी, आणि मी कशेळ्याच्या स्टँडवर उभा राह्यलो. स्टँडवर जीपा लय हायेत, नाय असं नाय, पण डांबर संपलं का त्या माघारी वळतात. डांबराच्या पुढं वरली वाडी, सगळी ठाकर लोकं, तिथवर रस्ता नाय, नुसता खडक आणि चर. रस्ता होणार, रस्ता होणार, माझे केस गेले ऐकून. तिथं माझीच जीप जायची. बाजार, रेशन, लग्नाची मंडळी, आजारी माणूस, सगळं माझ्याच गाडीत.

आता तुमाला गाडीचं सांगावंच लागंल, त्याबिगर पुढचं कळायचं नाय. इंजिनाचा ताप दाखवायला डॅशबोर्डावर काटा असतो. गेरबॉक्साला काटा नसतो. आणि आमच्या वाटेला मरण हाय ते गेरबॉक्साचंच, बारक्या गेरात, चारी चाकं लावून, दगडादगडावरनं चालवायचं, आत तेल उकळाय लागतं आणि इंजिनाचा काटा आपला मधोमध, बिनघोर. मंग कळणार कसं? पायानं. गेरबॉक्सावर नुसता एक पत्रा असतो, ड्रायवरच्या डाव्या पायाशी. मी चप्पल काढूनच चालवायचो. पत्रा कोमट असला तर चालू दे, चटका बसला का थांबायचं, खाली शिरून तेल बघायचं, कमी असलं तर घालायचं, निवू द्यायचं, मंगच हलायचं. किती वर्षं गाडी अशी जपली मी, एकदा पण गेरबॉक्स उघडायला लागला नाय.

मंग मला साखर निघाली. गोळ्या खातोय, पण पाय गेले हो, मंजी हायेत जागेवर, पण कळत नाय काय. एकदा चप्पल वाटेतच कुठं गळली, घरी आल्यावर बायको बोलली, एक कुठाय? डॉक्टर बोलला, अनवाणी चालवू नको. मी हो बोललो. पण पत्रा कोण बघणार? मंग मी रीत पाडली, माझ्या बाजूला बसंल त्यानं चप्पल काढायची, उजवा पाय पत्र्यावर ठेवायचा, चटका बसला का बोलायचं. वाडीला पाठच झालं ते. गाडी आली का हसायची लोकं, आज गौतमचा उसना पाय कोण रं? म्हातारे पण हौसेनं बसायचे. शनवार-रविवारी मुंबयची पोरं मोठाल्या गाड्या घेऊन येतात चिखलात खेळायला, त्यातल्या एकानं मला त्याच्या गाडीतला मीटर दाखवला, इंजिनाचा आकडा येगळा, गेरबॉक्साचा येगळा. चांगला पोरगा, बोलला काका तुमी पण बसवून घ्या. मी चौकच्या गॅरेजात सांगून ठेवला, ते बोलले मागवतो. तो यायचा होता.

वरल्या वाडीत ठमामावशी हाय. माझी मावशी नाय, पण मी मावशीच बोलतो, तिच्या हातची नाचणीची भाकर लय खाल्ली मी. तिचा पोरगा सोमा साजगावला कंपनीत, तिकडंच राह्यतो, सुट्टीला येतो. सोमाची बायको सुमन. मावशीला पोरगी नाय, मंग सुमनवर तिचा जीव असा, का सुमन पाण्याला निघाली तरी ही पाठनं, हंडा मला दे गं, मला दे. सुमनचे दिवस भरत आले होते. वैशाखातली गोष्ट, भर दुपार, मी वाडीत सामान उतरवत होतो, मावशी धावत आली, गौतम, चल रं बाबा, पोरीच्या अंगावरून लय जातंय. आमी मागच्या सीटा काढल्या, गोधडी घातली, सुमनला झोपवली, दोन बाया तिच्याजवळ बसल्या. खाली डांबरावर अँब्युलन्स बोलावली, सोमाला पण फोन केला. पुढं माझ्या बाजूला मावशी. चप्पल तिनं मी सांगायच्या आधीच काढली.

वाडीतनं निघाल्यावर आधी चढ हाय, मंग सगळा उतार. चढाला काटा वर गेला. ऊनच तसं होतं. रेडिएटर उकळलं, थांबायलाच लागलं, झाकणाला हात लावायची सोय नाय, निवंस्तवर उभं राह्यचं. आणि पाठी सुमन. ती ओरडत नव्हती हो, ओरडली असती तर बरं वाटलं असतं, ती नुसती आई गं, आई गं बोलत होती, हळू. मावशी माझ्या तोंडाकडं बघायची, मंग रेडिएटरकडं, मंग परत माझ्याकडं. आता किती येळ रं? आता किती येळ? मी बोललो, मावशी, इंजिन बसलं तर सगळंच बसंल. ते थांबणं तिच्या काळजात बसलं, हे मला तवा कळलं नाय.

पाणी घातलं, निघालो. उताराला खालनं एक दगड लागला, दगड तर रोजच लागतात. मी बोललो, मावशी, पत्रा कसा हाय? ती बोलली, गार हाय, चल तू. थोडं पुढं गेलो, वास आला जळका, मला वाटलं ब्रेक, उताराला ब्रेकचा येतोच. मी परत इचारलं, मावशी, पाय ठेवलाय ना? ठेवलाय रं, गार हाय पत्रा, चल तू, चल. तिचा आवाज जरा येगळा लागला, पण त्या दिवशी कुणाचा आवाज सरळ असणार?

मंग मोठ्या वळणावर गेरबॉक्स आतनं किंचाळला आणि चाकं जाम. मी खाली शिरलो. दगडानं तेलाचा नट उडवला होता, तेल सगळं वाटेवर सांडत आलं होतं, आणि गेरबॉक्साची पेटी अशी तापलेली, का हात लावला तर कातडी तिथंच राह्यली असती. सीटखाली माझा तेलाचा डबा होता, नेहमीच असतो, भरलेला. भोकाला लाकडाची खुट्टी करून चिंधीनं ठोकली, तेल ओतलं, गेर हलवला, लाथा घातल्या, काय काय केलं. आतले दात चिकटून गेले होते. तेच जर आधी थांबलो असतो, जवा नुसता चटका होता, तर खुट्टी, तेल, जरा निवणं, आणि निघालो असतो.

मी बोनेटवर डोकं आपटत होतो तवर खालच्या रानातनं माणसं आली, बांबूला गोधडी बांधली, झोळी केली, सुमनला उचलून पळत सुटली. मावशी झोळीच्या पाठनं. मी तसाच लंगडत सगळ्यात शेवटी. डांबर दिसत होतं, अँब्युलन्सचं छप्पर पण दिसत होतं, तिथं झोळी थांबली. सुमन गेली. पोटातलं पण गेलं. सोमा खालनं वर धावत येत होता, तो बघतच राह्यला.

मावशी रस्त्याच्या कडंला खाली बसली, पाय पसरून. तवा मी तिचा उजवा पाय बघितला. तळव्याची सगळी कातडी सोलून लोंबत होती, त्यावरच ती खडकातनं आली होती. मला एकदम सगळं कळलं. पत्रा तापला होता, लय तापला होता, आणि ती बोलली नव्हती, मी थांबीन म्हणून. जळू दे माझा पाय, गाडी चालू दे, असंच तिच्या मनात असणार. मला राग आला का? आला. खरं सांगतो, लय आला. आणि मंग तिच्याकडं बघवंना.

आता मी गाडी चालवत नाय. माझ्या पायाला जखम झालीय, भरत नाय, पट्टी बांधून ओट्यावर असतो. पुतण्या चालवतो. चौकवाल्यांनी मीटर बसवून दिला, गेरबॉक्स तापला का शिट्टी मारतो, कुणाला पाय ठेवायला लागत नाय.

मागच्या बाजाराला मावशी आली. तिचा पाय भरलाय, पण टाच टेकत नाय. मोहाची फुलं आणली होती, बसली, च्या घेतला नाय. मंग बोलली, गौतम, एक इचारू का? त्या दिवशी मी बोलली असती, तर पोर वाचली असती का रं?

काय सांगू तुमाला. बायको चुलीपाशी होती, ती पण थांबली. मी बोललो, नाय मावशी. नटच उडाला होता आणि गाडीत परत घालायला तेलाचा थेंब नव्हता. तू बोलली असतीस तरी गाडी तिथंच मेली असती. ती बोलली, खरं? मी बोललो, खरं, तुझ्या पायाची आण. ती रडली मंग, लय रडली, सुमनच्या दिवसकार्याला पण रडली नव्हती म्हणतात. जाताना माझ्या पट्टीवर हात ठेवला आणि बोलली, तुजा पाय बरा होवो रं लेकरा, सुखाचा राह्य.

तुमी लिवताय ते सगळं लिवा, डबा भरलेला होता हे पण लिवा. फक्त वरल्या वाडीत कुणाला वाचून दाखवू नका. परवा सोमा भेटला स्टँडवर, बोलला, काका, आई आता रातची झोपते.