डाव्या दाराची फट

— नाही नाही, ते चुंबक आधी खिशात घाला. घाला हो! माझ्या दारात चुंबक घेऊन येणारे तुम्ही काही पहिले नाही. कुठेतरी वाचायचं — चिकटलं तर पत्रा, म्हणजे गाडी खरी, नाही चिकटलं तर फायबर, म्हणजे खोटी — की निघाले फ्रिजवरचं चुंबक काढून! एवढ्यावर पारख होत असती तर मी काय चाळीस वर्षं गाड्यांखाली उताणा पडून झक मारली? बसा. त्या स्टुलावर नको, ग्रीस आहे त्याला. बसलात? बरं, आता बसलातच तर बसा.

गाडी पाहिली मी खिडकीतून, तुम्ही लावत होतात तेव्हाच. हिरवी. सत्तर वर्षांपूर्वीचं जर्मन मॉडेल, दोन दारं, इंजिन मागे, छप्पर कापडी. आणि तुम्हाला लिहून हवंय की ती अस्सल आहे — सगळ्यांना तेच हवं असतं. अहो, त्या कारखान्यातून निघाल्या नसतील एवढ्या अस्सल गाड्या आज एकट्या आमच्या जुन्या गाड्यांच्या क्लबात आहेत! डॉक्टर काय, वकील काय — जुन्या बीटल गाडीची चासी, खालचा सांगाडा तेवढा घ्यायचा, वर फायबरचं टोपलं पालथं घालायचं, डोक्यावर चामड्याची टोपी, हातात मोजे, आणि रविवारी मिरवायचं. दार लावलं की आवाज ऐकलाय? डब्याचं झाकण लावल्यासारखा. मी तर त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाही. नक्कल ती नक्कल. माझी? ती काय, आत, चादरीखाली. अस्सल! एकेक स्क्रू कारखान्याचा. — नाही, चालत नाही. अकरा वर्षं झाली. कार्ब्युरेटरचा एक तुकडा मिळत नाही. कोपऱ्यावरचा लेथवाला अर्ध्या दिवसात करून देईल हो, पण मग ती अस्सल राहील का? मग! हसताय काय? चालायलाच हवी असेल तर बसने जावं माणसाने.

हे काय काढलंत? माझंच पत्र. एकोणीस वर्षांपूर्वीचं — ‘मूळ जर्मन बांधणी’ — हो, अक्षर माझं, सही माझी. मग झालं की! नवीन कशाला हवं? गाडी कोणाकडून घेतलीत म्हणालात? ... अस्सं. तिच्याकडून. हो, माझी भावजयच ती. धाकट्याची बायको. तो तीन महिन्यांपूर्वी गेला. गेलो होतो ना मी, मागे उभा होतो. कोणी पुढे या म्हटलं नाही, मीही गेलो नाही. ती काही बोलली का माझ्याबद्दल? बोलली असणारच. मला काय करायचंय म्हणा. पण ऐकलंच आहेत तर नीट तरी ऐका, बायकांचं अर्धवट नको.

ही भिंत दिसते ना? हिच्यापलीकडे त्याची शेड. चार वर्षं तिकडून ठक-ठक, ठक-ठक. लाकडाचा साचा केलान, वाळूच्या पिशवीवर पत्रा ठोकून ठोकून एकेक वळण काढलंन — फोटो बघून हो, गाडी जन्मात पाहिली नव्हती त्याने, माझीही तेव्हा आली नव्हती! मी फाटकातून ओरडायचो, काय रे, झालं का डबडं? तो म्हणायचा, दादा, एकदा आत तर ये. मी कशाला जातोय! क्लबाचा मुख्य परीक्षक मी, आणि माझाच भाऊ नकला ठोकतोय — लोक काय म्हणतील? मग वार्षिक मेळाव्यात एक हिरवी गाडी आली. चालवत होता एक अनोळखी माणूस, नंतर कळलं धाकट्याचा दोस्त. मी भोवती वीसएक जण जमवले, गाडीखाली शिरलो, ठोकून पाहिलं, हात फिरवला — आणि उठून भाषण दिलं. म्हटलं, ही बघा डाव्या दाराची फट, खाली दोन मिलिमीटर जास्त आहे. नकला करणारे फटी अगदी सारख्या ठेवतात, मूर्ख! ही हाताने बसवलेली आहे, आणि असा हात फक्त त्या कारखान्यात होता, पुन्हा होणे नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिथेच बॉनेटवर कागद ठेवून सही ठोकली. मान वर केली तर गर्दीच्या मागे हा उभा. रडत होता. हसत नव्हता हो, रडत होता!

नंतर आला जवळ, हळूच म्हणाला, दादा, आता एकदा सांग सगळ्यांना, माझ्या धाकट्याने केली म्हणून. बक्षीस नको, काही नको. मी म्हटलं, तोंड बंद ठेव आणि गाडी घरी ने. गाढवच तो — बंद ठेवलंन! मला उघडा पाडला असता तर क्लबाने हाकललं असतं मला. एकोणीस वर्षं भिंतीपलीकडे राहिला, अक्षर बोलला नाही. आणि मी बोललो नाही. काय बोलणार? हात चांगला होता हो त्याचा. माझ्यापेक्षा चांगला. असो.

काय? ती यातलं काहीच बोलली नाही? ‘कुणी बांधली ते भाऊजींना विचारा’, एवढंच? मग मी हे सगळं तुमच्यापुढे कशाला ओकलो! आणि तुम्ही मख्खासारखे ऐकत बसलात! — नक्कल म्हणून घेतलीत? तिने आधीच सांगितलं होतं? मग ते चुंबक कशाला — फायबर नाही, पत्रा आहे हे दाखवायला? आणि मेळाव्यात नकलांच्या वर्गात उभी करणार? आता नकलांचाही वर्ग काढला का क्लबाने! छान. उद्या चादरींचाही काढतील.

द्या इकडे तो प्रवेशाचा फॉर्म. गाडीचा नंबर, रंग, वर्ष — सगळं भरलंय. मग ‘बांधणाऱ्याचं नाव’ ही जागा रिकामी का? नाव तर तिला माहीत आहे, तिचाच नवरा. — काय म्हणाली? भाऊजींच्याच हाताने लिहून आणा?

...

आज नाही जमणार. चष्मा नाही माझ्याकडे. — नाकावर आहे, कळतंय मला! उठा तुम्ही. फॉर्म राहू दे. पेनही राहू दे. उद्या या, नाहीतर परवा या, आत्ता आधी निघा. दार ओढून घ्या जाताना.