इन्स्पेक्टरसाहेबांचा कापला गेलेला प्रसंग

आजच्या सत्कार सभेचे अध्यक्ष आणि आमच्या विणकर मंडळाचे आधारस्तंभ माननीय रविराजजी, व्यासपीठावर दाटीवाटीनं बसलेले सन्माननीय पाहुणे, ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो ते सत्कारमूर्ती नागेंद्र हावळ, म्हणजे आमचा नागाण्णा, शहापूर, वडगाव, अनगोळहून आलेल्या माता-भगिनींनो, बंधूंनो, आणि जेवणाचा वास आल्यापासून दाराकडे बघणाऱ्या रसिकहो!

मला पाच मिनिटं दिली आहेत. मी शाळेत मुख्याध्यापिका आहे. पाच मिनिटांत आमची हजेरीसुद्धा होत नाही. तेव्हा अध्यक्षांनी घड्याळाकडे बघू नये, ही पहिली विनंती.

नागाण्णाच्या कलेविषयी आधीचे वक्ते बोलले. त्रेचाळीस वर्षं, दीडशेच्या वर हिंदी सिनेमे. पण एक गोष्ट कुणी बोललं नाही. त्यातल्या शंभरेक सिनेमांत हा इन्स्पेक्टर आहे, आणि प्रत्येक वेळी हा उशिरा आला आहे! नायक सगळ्यांना झोडपून घाम पुसत उभा राहिला, की जीपमधून आमचा नागाण्णा उतरतो. म्हणतो काय? ‘ले चलो इन्हें.’ अहो, आता न्यायला उरलंय काय?

आयुष्यात हा इन्स्पेक्टर फक्त एकदाच वेळेवर आला. माझ्या लग्नात.

चौऱ्याण्णव सालचा मे महिना. काकतीजवळ हायवेवर याचं शूटिंग चाललं होतं. बारा वर्षं मुंबईत काढल्यावर पहिल्यांदाच याला नाव असलेली भूमिका मिळाली होती. त्याच दुपारी नायकासमोर उभं राहून पान-दीड पान बोलायचा प्रसंग होता. आणि त्याच दिवशी साडेबाराला वडगावात माझ्या अक्षता. आमची घरं भिंतीला भिंत लागून. लहानपणी यानं मला खांद्यावर बसवून जत्रा दाखवलेली. ‘जेवणाच्या सुट्टीत येतो, अक्षता टाकतो, दोन घास खातो आणि पळतो,’ असा निरोप त्यानं पाठवला होता.

मुलाकडची मंडळी निपाणीकडची. मोटारसायकल दिवाळीला द्यायची ठरली होती. अंतरपाट धरला, भटजींनी मंगलाष्टकाला आवाज लावला, आणि मुलाचे मामा उठून उभे राहिले. ‘थांबवा. आधी गाडी दारात, मग अक्षता.’

माझे वडील मारुतीराव, आमचे आप्पा. मागावर आयुष्य गेलेला माणूस. मोठ्यानं बोलणं त्यांना ठाऊक नव्हतं. ते म्हणाले, ‘पावणं, दिवाळीला शब्द दिलाय की.’ मामा म्हणाले, ‘शब्दावर बसून काय निपाणीला जाता येतंय व्हय?’ आप्पांनी डोक्यावरचा फेटा काढला आणि ते मामांच्या पायाशी वाकले. मी अंतरपाटाच्या कडेनं ते बघत होते. हातातला हार मला एकदम जड झाला.

तेवढ्यात दारातून खाकी वर्दी आत आली. तोंडाला गुलाबी पावडर, कमरेला लाकडी पिस्तूल. कपडे बदलायला वेळ नव्हता, म्हणून हा तसाच रिक्षात बसून आला होता. त्यानं वाकलेल्या आप्पांना पाहिलं, दंडाला धरून उभं केलं, आणि दुपारी ज्या प्रसंगात बोलायचं होतं त्यातलं वाक्य फेकलं, ‘कोई अपनी जगह से नहीं हिलेगा!’

बँडवाले थांबले. भटजींचा अक्षतांचा हात वरच राहिला. स्वयंपाकघरातला आचारी झारा घेऊन दारात आला आणि तिथंच खिळला. पुढचं वाक्य नायकाचं होतं आणि नायक तर काकतीला! मग नागाण्णा आपल्या भाषेत आला. ‘काय रं, बापमाणसाचा फेटा पायावर घेतोस व्हय? लाज न्हाय वाटत?’

मामा दोन पावलं मागं सरकले खरे. पण व्यापारी माणूस, नजर तयार. त्यांनी खांद्यावरचा बिल्ला वाचला. ‘ओ साहेब, ह्यावर महाराष्ट्र पोलीस लिवलंय की! बेळगावात? सीमाप्रश्न सुटला कधी?’

मंडळी, त्या अवघड क्षणीही मागच्या रांगेतल्या चार म्हाताऱ्यांनी आनंदानं टाळ्या वाजवल्या! त्यांना खरंच वाटलं, सुटला.

सोंग उघडं पडलं. मामा ओरडले, ‘नट हाय हा, नट!’ नागाण्णानं टोपी काढली, माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, ‘माधवे, मला एवढंच बोलायला दिलंय. आता तुझं तू बोल.’

आणि मी बोलले. ‘मला हे लग्न करायचं न्हाय.’

नवऱ्या मुलानं तोवर एकदाही मान वर केली नव्हती. तेव्हाही केली नाही.

वऱ्हाड परत गेलं, पण पोलिसांत तक्रार करून गेलं. खरे पोलीस आले, खोट्याला घेऊन गेले. जबाब, पंच, सह्या. सुटेपर्यंत दिवेलागण झाली. तीन दिवसांनी आम्ही विचारलं, ‘अण्णा, तुझा प्रसंग झाला का?’ म्हणाला, ‘झाला की. लई भारी झाला.’ पुढं सिनेमा आला, त्यात हा नव्हता. तर म्हणे, ‘लांबी वाढली, कापला.’ आम्ही दिग्दर्शकाला शिव्या घातल्या आणि गप्प बसलो. मी बी.एड. केलं. पाच वर्षांनी माझ्या पसंतीनं लग्न केलं. यजमान तिकडे बसलेत. ते येताना स्वतःचीच मोटारसायकल घेऊन आले होते.

गेल्या महिन्यात या सत्कारासाठी माहिती जमवताना मी त्या सिनेमाच्या सहायक दिग्दर्शकांना फोन लावला. ते म्हणाले, ‘बाई, कापला कुठला? तो प्रसंग त्यानं केलाच नाही. आम्ही ऊन उतरेपर्यंत थांबलो. वर्दी याच्या अंगावर, हा पोलीस ठाण्यात. शेवटी इन्स्पेक्टरचा वकील केला आणि काळा कोट घालून दुसऱ्याला उभं केलं.’ तो दुसरा त्या एका प्रसंगानं मोठा झाला. नागाण्णाला पुढं दोन वर्षं कुणी बोलावलं नाही. नंतर मिळालं ते हेच, ‘ले चलो इन्हें.’

मी त्याच दिवशी याला गाठलं. ‘अण्णा, एकतीस वर्षं का सांगितलं न्हाईस?’

‘सांगितलं असतं तर माझा सिनेमा बघताना तू रडली असतीस. विनोदी असला तरी. मग आमच्या धंद्याचं कसं व्हायचं?’

‘पस्तावलास कधी?’

तो म्हणाला, ‘दोन वर्षं रोज. मग तू नोकरीला लागल्याचं आप्पांचं पत्र आलं. त्यानंतर न्हाय.’ आणि लगेच दरडावलं, ‘हे स्टेजवर बोललीस तर बघ. माझ्या गळ्याची शपथ हाय.’

अध्यक्षमहाराज, मला बोलू दिलंत, मंडळाचे आणि आपणा सर्वांचे मनापासून आभार. माझ्या बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर आपण मोठ्या मनानं विसरून जावं. आणि अण्णा, तुझी शपथ मी आज सगळ्या बेळगावासमोर मोडली आहे. तेवढं मला माफ कर.

नमस्कार.