मुठीतला बेंडूक

मी जंगाबाई. आमी कोलाम, केळापूरकडच्या पोडावरचे, पोड म्हंजे आमची वस्ती. बाप खेकडे धरे, मायही धरे, मंग मी काय धरणार, खेकडेच. नाल्यातल्या दगडाखाली हात घातला का बोटालेच समजे कोन बसून हाय, काय सांगू तुमाले, डोयाचं कामच नाई.

त्या नाल्यात एक लहानसा बेंडूक राह्यते. पाठीवर पिवयी रेघ. दुसरे बेंडकं पाण्यात अंडे टाकतेत, हा ओल्या दगडाखाली टाकते अन् माय त्याच्यावर बसून राह्यते. कॉलेजातले एक सर सर्वे कराले आले तं मी सांगतलं, सर, हा वेगया हाय. सर हासले, म्हणे मावशी, बेंडकं सगये सारखेच. मंग मी दगड उलटून दाखवला. सर तिथंच बसून वहीत लिहाले लागले.

सरले आता नमुने पायजे होते, नर भेटला दुसऱ्या दिवशी. तिसऱ्या दिवशी म्हणे आता अंड्यावरची मादी पायजे, मावशी, तुमच्याच हाताले येईन. मी हात घातला, मादी मुठीत आली अन् तेवढ्यात दगडाखालची परड डसली, लय जहरी साप. मी बोंबलली. सर धावत आले, मले वाटलं हात पाह्यतीन, तं म्हणे मूठ उघडू नका, मावशी, मूठ उघडू नका! डबी आणली, माहं एकेक बोट उचलून मादी काढली, झाकण लावलं, मंग पुसते, कुठं डसला?

गाडीत मी उलट्या करून राह्यली अन् बाजूले सर डबीत दवा टाकून तिले मारून राह्यले, म्हणे अशीच मरून सडली का कामाची नाई राह्यत. अंडे तसेच उघडे पडले नाल्यात. यवतमाळच्या दवाखान्यात माहे उजव्या हाताचे दोन बोटं काढले. तवापासून खेकडा धराले येत नाई, कापूसही नीट येचता येत नाई.

सालभरानं सर पेढे घेऊन आले, कागद दाखवला, नवी जात म्हणे. नाव त्यायच्या गुरूचं. माह्या पोरीनं सगया वाचला, खाली एका ओयीत स्थानिक मजुरायचे आभार. मी म्हटलं, सर, अंड्याचं तं मीच सांगतलं होतं ना? सर म्हणे, मावशी, सांगणं वेगयं अन् शोधणं वेगयं.

आता दर पावसाळ्यात लोकं येतेत मोठमोठे कॅमेरे घेऊन, सरनं सांगितलेलं माहं नाव पोडावर पुसतेत, जंगाबाई कोन, तो बेंडूक कुठं भेटते? मी म्हणतो नाई दिसत बाप्पा आता, संपला. ते वहीत लिहून घेतेत, संपला. जातेत.

मागं नाल्यात वरडत असते तो. जगो बिचारा.