गल्लीचा जावई

राजकारणावर बोलायचं तर माझ्यासमोर जरा जपून बोला. उदगीरच्या आमच्या गल्लीतलं मत कुठं जाणार, हे मी आधीच सांगतो.

मागं नगरपालिकेला आमचे दाजी उभे होते, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे मालक. प्रचाराला गल्लीत शिरलो की दारोदार बाया आरतीचं ताट घेऊन तयार. समोरच्या शिवाकाकूंनी तर दाजींच्या कपाळाला विभूती लावली, ओवाळलं आणि तोंडात पेढा घातला. मी तिथंच सांगितलं, "दाजी, ही गल्ली खिशात हाय. इथं परत यायचं कामच न्हाई."

निकाल लागला. बाकी वॉर्डात दाजी पुढं होते, पण आमच्याच गल्लीच्या बूथवर मागं पडले आणि तेवढ्यावर निवडणूक हरले.

मी आप्पांना, म्हणजे वडिलांना, घेऊन तडक समोरच्या दारात गेलो. "काकू, तुम्ही तर ओवाळलं होतं."

काकू तांदूळ निवडत म्हणाल्या, "ओवाळणारच की. गल्लीचा जावई दारात आल्यावर तसाच घालवू का? पण मत दिलं ते नळाला पाणी आणणाऱ्याला. जावयाला ओवाळतात बाबा, घराच्या किल्ल्या देत न्हाईत."

मी वडिलांकडं वळलो. "आप्पा, ऐकलं का ह्यांचं? आता तुम्हीच सांगा ह्यांना."

आप्पा खाली बघत म्हणाले, "मी बी पाण्यालाच दिलं. तुझ्या बहिणीला सांगू नको."