खिळ्याचं दुसरं टोक

— हो, तारीख लिही आधी वरती. चौदा. वार गुरुवार. हवा ढगाळ, दमट, वारा अजिबात नाही. हवासुद्धा लिहून घे म्हणते मी, कारण अशा हवेत या भिंतीला काही चिकटत नाही, मग उद्या तुमची पानाफुलांची कागदं सुटून खाली आली की मला फोन करून विचारू नकोस. तुला अगं-तुगं केलेलं चालतंय ना? माझ्या लेकीएवढीच तू. तिनेच पाठवलं ना तुला, भिंत सजवायला — मला माहीत आहे, तिचाच उद्योग. रविवारी तिच्या होणाऱ्या सासरची माणसं येणार, आणि परवा फोनवर मला बघत होती तर मी दिसायच्या आधी तिला ही भिंत दिसली. म्हणाली, आई, मागे काय आहे ते, दवाखाना वाटतो. बरं बाई, दवाखाना तर दवाखाना. बस तू. त्या खुर्चीत नको, तिथे आमचे हे आहेत — झोपलेत. म्हणजे डोळे मिटलेत.

दाखव, त्या चित्रांच्या वहीत काय काय आणलंयस. हा आरसा — छान आहे, मोठा आहे, खोली दुप्पट दिसेल म्हणतेस. अगं पण आहे तेवढीच झाडून कंबर मोडते, दुप्पट कशाला? बरं, या लाकडी पट्ट्या... या ठोकाव्या लागतात का? मग नाही. फोटोंच्या चौकटी जिन्यासारख्या चढत्या लावायच्या — कल्पना चांगली आहे, पण त्यालाही खिळे लागणार. इथे ठोकायचं नाही काही. ते सोडून बोल. मी काय कमी प्रयत्न केलेत? लेकीची लहानपणची चित्रं होती, पुठ्ठ्यावर लावून डकवली, महिन्याभरात ओल आली आणि रात्री धप्पकन खाली. मग टोपल्या. रंगवलेल्या, लहान-मोठ्या, मासिकात बघून केल्या होत्या. दोऱ्याने छतापासून सोडल्या, पंखा लावला की एकमेकींवर आपटायच्या, हे म्हणाले, घरात बैलगाडी आली का? काढल्या. मग भरतकाम केलेला पडदा, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तो बरा दिसायचा. पण भिंतीवर पडदा लावला की येणारा प्रत्येक माणूस तो बाजूला करून बघतो, मागे खिडकी असेल म्हणून. आणि मागे काय, तर भिंत. लोकांचं तोंड एवढंसं व्हायचं, मलाच वाईट वाटायचं त्यांच्यासाठी. तोही काढला.

का म्हणजे? ठोकायचं का नाही? — अगं, ही भिंत मूळची नाहीच. तू मघाशी बोटाने वाजवून बघितलीस ना, पोकळ वाजली ना? चार इंचाची आहे. हा हॉल असा सलग पलीकडपर्यंत होता, दोन खिडक्या इकडे, दोन तिकडे, मधे आम्ही सगळे. पलीकडे माझे थोरले दीर आणि जाऊबाई. वाटण्या झाल्या तेव्हा घातली भिंत. भांडण कशावरून? आता आठवायचं म्हटलं तर... सुरुवात कशावरून ते नाही आठवत, शेवट आठवतो. शेवट त्या घड्याळावर झाला. सासऱ्यांचं घड्याळ. सगळं वाटून झालं, भांडीकुंडी, कपाटं, आणि हे एक राहिलं. घड्याळाचे काही दोन तुकडे होत नाहीत. भाऊजी म्हणाले मी थोरला, हे म्हणाले चावी मी द्यायचो — आणि घेऊन आले उचलून. भिंतीचं प्लास्टर ओलं होतं अजून. त्याच संध्याकाळी रागारागाने ठोकलं. आता घड्याळाला बोटभर खिळा पुरतो की नाही? यांनी छपराच्या सामानातला वीतभर खिळा घेतला. राग मोजून थोडाच येतो? घातले घाव. गेला आरपार. तिकडून भाऊजींनी भिंतीवर गुद्दे मारले, इकडून यांनी मारले, दोघं भाऊ भिंतीला बडवत होते, आणि मी आणि जाऊबाई दोन्हीकडे नुसत्या उभ्या. तेव्हापासून इकडे नुसती टाचणी टोचली तरी पलीकडून टकटक होते. म्हणून ठोकायचं नाही.

— ए, ए, ते घड्याळ काढू नकोस! हात नको लावूस. राहू दे. नाही गं, रागावले नाही, दचकले. बंद आहे, माहीत आहे मला. कधीचं बंद आहे. तुझ्या सगळ्या चित्रांमध्ये ते मधोमध येतंय, काढल्याशिवाय कागद बसणार नाही, खिळा उपटावाच लागेल — कळतंय मला. दुरुस्त पण केलं होतं एकदा. कारागीर घरी आला, चालू झालं, टिकटिक सुरू. दोन दिवसांनी यांनी उठून स्वतःच्या हाताने लंबक धरला आणि थांबवलं. मी विचारलं का, तर म्हणे कटकट वाटते. कटकट कसली! टिकटिकीत पलीकडचं ऐकू येईना.

काय ऐकायचं म्हणजे... आता तुला काय सांगू? आणि कशाला सांगू? — काठी. भाऊजींचा पाय अधू झाला मागे, काठी आली हातात. त्या खिळ्याचं टोक तिकडे बाहेर निघालंय ना, त्यालाच अडकवतात. मला जाऊबाईंनी सांगितलं. नाही नाही, बोलणं नाहीच आमच्यात. मागच्या अंगणात कपडे वाळत घालताना त्या आपल्या बादलीशी बोलतात. मी इकडे माझ्या चिमट्यांशी बोलते. बादलीला म्हणाल्या, मेला खिळा बाहेर आलाय, पण काठी अडकवायला बरा झालाय हो. लेकीचं लग्न ठरलं तेही मी चिमट्यांनाच सांगितलं. त्या बादलीला म्हणाल्या, बाई गं, गुणाची पोर. तर सकाळी काठी निघाली की इकडे घड्याळ जरा हलतं. रात्री अडकवली की पुन्हा हलतं. आणि आमचे हे — सकाळी उठून त्या खुर्चीत बसतात, वर्तमानपत्र तोंडासमोर. मी विचारते, चहा टाकू का? म्हणतात, थांब. मग ते घड्याळ हललं की म्हणतात, टाक. एवढंच. इतक्या वर्षांत दुसरा शब्द नाही. भावाचं नाव नाही तोंडात. पण त्याची काठी हलल्याशिवाय चहा नाही घशाखाली.

परवा रात्रीनंतर नाही हललं गं.

काल मी विचारलं, चहा टाकू? थांब. दुपार झाली. मग मीच करून पुढे ठेवला, साय धरली त्यावर, ओतून दिला. आजही तेच. जाऊबाई मागे आल्या नाहीत, दोरी रिकामी आहे त्यांची. बरं, मी जाऊन बघावं तर यांनी तेव्हा मला शपथ घातलीय त्या उंबऱ्याची, आणि स्वतः जातील तर त्यांचं नाक कापलं जातं. म्हणून मी तुला सांगत बसलेय. तू लेकीची माणूस, भिंत बघायला आलीस, आणि मी तुला काय काय ऐकवतेय. तू माझी बादली झालीस आज. ज्याला ऐकू जायला हवं त्याला जातंच, डोळे मिटले म्हणून काय कान मिटतात? थकले मी या भिंतीला, खरं सांगते. तिला सजवायला निघालेय. पलीकडे माणूस आहे की नाही ते आधी कळू दे, मग तुमची पानंफुलं. आणि समज, तू खिळा उपटलास, आणि तिकडे काठी खाली पडली, आणि उचलायला कुणी—

— अहो. अहो, कुठे निघालात? वहाणा डाव्या-उजव्या बघा.

गेले.

तू बस. बोलू नकोस जरा. ...फाटक वाजलं. त्यांचं फाटक असंच करकरतं, तेल घालत नाहीत... कडी. ...दार उघडलं, जाऊबाई आहेत. इथे ये, कान लाव, चार इंचाचीच आहे — लाव गं, लाजू नकोस, आम्ही रोज लावतो. ...खोकला. भाऊजींचा आहे! त्यांचाच. ऐकलंस? काय म्हणाले ऐकलंस? "किती लांब खिळा मारलास रे गाढवा, तीन सदरे फाटले माझे." आता भाऊजी म्हणतायत ताप होता, उठवत नाही, काठी दे तेवढी इकडे.

बघ. बघ, हललं.

हं. ...नाही, धूर गेला डोळ्यात. चूल नाही माझ्याकडे, माहीत आहे, तरी गेला. ...जाऊबाई विचारतायत साखर किती. दोन चमचे घालतील त्या, त्यांना जुनंच ठाऊक. अर्धा आहे हो आता, अर्धा... जाऊ दे. एक दिवस चालेल. मी? मला कुठे बोलावलंय अजून कुणी? बादलीनेसुद्धा नाही. आवर तुझं सामान, ती आरशाची वही विसरशील. लेकीला मी सांगते, तुझा काही दोष नाही. दार ओढून घे जाताना. आणि ते वरती तारीख घातलीस ना, त्याखाली लिहून टाक म्हणजे झालं: भिंत आहे तशी. घड्याळ आहे तिथे. खिळा काढला नाही. यांचा चहा पलीकडे झाला.