गांडुळांच्या जेवणाचा आवाज

मामाचं अन् गांडुळांचं तुमाले सांगतलं का मी? बोंडअळीनं दारव्ह्याले मामाचा सारा कापूस खाल्ला, त्याच साली मी यवतमाळात घरी गांडूळखत करून राह्यली होती. एकावर एक तीन ट्रे, बुडाले भोकं.

मामा आले, पाह्यलं अन् म्हणाले, "आता घरात अळ्या पोसून राह्यली काय वं?"

"अळ्या नाही मामा, गांडुळं. वरच्या ट्रेत भाजीची सालं टाकली, का खालचे आपोआप वर चढते जेवाले."

मामा दुपारभर ट्रेले कान लावून, डोळे मिटून बसले. मले वाटलं, झोपले.

"जेवून राह्यले," ते हळूच म्हणाले. "दूर कुठं पाऊस पडल्यावानी."

कान काही काढला नाही. "बोंड बाहेरून हिरवंगार होतं, पोरी. अळीनं एवढा जरी आवाज केला असता, तर मी आयकलं असतं."