कार्बोरेटरची पूजा

दसऱ्याचं नाव काढू नकोस माझ्यासमोर. आजोबांच्या जुन्या ट्रकचा कार्बोरेटर गेला म्हणून मी सहा महिने घाटकोपर ते मुलुंड सगळे भंगारवाले पालथे घातले. दसऱ्याच्या आदल्या दिवशी एक मिळाला. भोकांत फुंकून, उजेडात धरून, तपासूनच आणला.

दुसऱ्या दिवशी बसवायला मेकॅनिक सदा आला. त्याने फुंकलं, तर हवाच जाईना. तारेने टोकरलं, तर आतून हळदकुंकू निघालं. सकाळीच आईने पूजा केली होती.

मग सदाने जुना कार्बोरेटर खोलला. त्यात कित्येक दसऱ्यांचा थर.

"हा ठणठणीत आहे रे, नुसता तुंबलाय."

मी आईकडे बघितलं.

"बघ," ती म्हणाली, "दरवर्षी पूजा करते म्हणून टिकला."